यादीत नाव नाही!

मैत्रिणींनो, पावसाळा सुरू झाला की तुमच्या घरी काय सुरू होतं? आमच्याकडे लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधून होतात न होतात, तोच खो-खोचा सराव सुरू होतो. पहाटे साडेपाचचा गजर, चिखलानं माखलेले कपडे, सोललेले गुडघे आणि हळदीच्या वाटीची शोधाशोध. जून ते सप्टेंबर आमच्या न्हाणीघराच्या फरशीवरचा लाल मातीचा थर काही केल्या जात नाही. सोड्यानं घासून झालं, लिंबानं घासून झालं. आता मी नाद सोडला आहे.

थोरली आठवीत आहे. सहावीपासून खेळते. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात, हे खेळणाऱ्या मुलांच्या आयांना सांगायला नकोच. चौदाच्या आतल्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती थेट दहावी-अकरावीच्या उंच मुलींमध्ये जाणार. म्हणून यंदाची तालुक्याची स्पर्धा तिच्या दृष्टीनं केवढी मोठी होती, ते तुम्हाला समजेल.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी शाळेच्या फलकावर संघाची यादी लागली. खो-खोच्या संघात बाराजणी असतात. नऊ मैदानात, तीन राखीव. त्या बारांत आमचं नाव नव्हतं. घरी येऊन ती काही बोलली नाही. आपले कपडे आपणच धुतले, वाळत घातले आणि गणिताची वही उघडून बसली. मला कळलं ते पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून. तिथे तोवर पन्नासेक संदेश येऊन पडले होते.

शाळेच्या समितीवरील एका गृहस्थांची पुतणी यादीत होती. ती सरावाला आली तीच मुळी जुलैत. आणखी चारजणी सरांच्या खासगी वर्गातल्या होत्या. सर संध्याकाळी दुसऱ्या मैदानावर पैसे घेऊन शिकवतात, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. “हे होणारच होतं,” असं प्रत्येकीनं लिहिलं होतं. होणारच होतं, तर आधी कुणी काही बोललं का नाही, हा प्रश्न तेव्हा मलाही सुचला नाही.

माझं डोकंच फिरलं. हे म्हणाले, “सचिवांशी माझी चांगली ओळख आहे. एक फोन केला तर तेरावं नाव चढवतील.” मी म्हटलं, “करा.” हो, मी म्हटलं. लपवून काय उपयोग? फोन लागला नाही म्हणून राहिला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी भाजी बाजारात एक ओळखीच्या बाई भेटल्या. त्या चार घरी पोळ्या करतात. त्यांची मुलगी आमच्या थोरलीच्याच वर्गात. माझ्या पिशवीत चार मेथीच्या जुड्या टाकत सहज म्हणाल्या, “यंदा तुमचीपण ऱ्हायली का हो? गेल्या साली आमचीचं नाव गेलं ना, तवा मला वाटलं, बाईंची मुलगी, म्हणून घेतली असंल.”

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, आणि म्हणूनच ते फार लागलं. त्या शाळेत मी आठवड्याला काही तासिका घेते, म्हणून तिथं सगळे मला ‘बाई’ म्हणतात. गेल्या वर्षी बाराव्या जागेसाठी दोघींत चुरस होती. त्यांची मुलगी पहाटे आईबरोबर पहिल्या घरी कणीक मळायला जायची, त्यामुळे सकाळचा सराव बुडायचा. आमची निवडली गेली. मी काही शब्द टाकला नव्हता, पण त्या दिवाळीला सरांच्या घरी चकल्या-करंज्यांचा डबा मात्र अगदी न विसरता पाठवला होता. तेव्हा त्याला मी ‘आपुलकी’ म्हणत होते. यंदा दुसऱ्या कुणी पाठवला, तर त्याला ‘राजकारण’ म्हणायला निघाले होते.

त्याच संध्याकाळी एका पालकांच्या घरी बैठक झाली. पोहे, चहा आणि एक लिहून तयार ठेवलेला अर्ज. सरांना काढून टाकावं, अशी मागणी. खाली आठ सह्या झालेल्या. सरांच्या नावानं जे बोललं जात होतं त्यातलं काही खरं होतं, काही ऐकीव, आणि काही निव्वळ घाणेरडं. कोपऱ्यात दोन मुली बसून सगळं ऐकत होत्या. उद्या त्यांनाच त्या सरांसमोर पाटीत बसायचं होतं. मी सही केली नाही. शाळेत नोकरी आहे म्हणून घाबरली, असं माझ्यामागे बोललं गेलं. थोडी घाबरले होते, हेही खरं.

सरांची बाजूही सांगायला हवी. आपल्याकडे शारीरिक शिक्षण म्हणजे वेळापत्रकातला उरलासुरला तास. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातसुद्धा सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील, तर या विषयाला अर्धवेळ निदेशक धरला आहे. अर्धवेळाचा पगार म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार! शाळेकडे एक जाळी फाटलेला व्हॉलीबॉल आणि दोन खांब. स्पर्धेला जायचं तर टेम्पो सरांनीच ठरवायचा, मुलींचं जेवण सरांनीच बघायचं, आणि जिंकून आल्यावर सत्काराच्या फोटोत मात्र पुढच्या रांगेत समिती. अशा माणसानं संध्याकाळी वर्ग घेतले तर मी त्याला दोष देणार नाही. पण फी भरणारीलाच संघात जागा, हे मात्र चालवून घ्यायचं नाही. पोटाची अडचण निराळी आणि मुलींवरचा अन्याय निराळा.

मी आधी लेकीला म्हटलं, “तुझं नाव का नाही, हे तू सरांना विचारलंस का?” ती म्हणाली, “मी? मी कसं विचारू?” दोन दिवस नाही-हो करून तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं. सर म्हणाले, “तुझी बैठक चांगली, खो घेऊन उठतेस झटकन. पण पळतीत तू पहिल्या मिनिटातच बाद होतेस. खांबाजवळ वळताना तुझा वेग तुटतो.” हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिला रडू फुटलं. यादी लागल्यापासून पहिल्यांदा. अन्याय झाला म्हणून नव्हे, तर ते खरं होतं म्हणून.

बघा, इथंच आपण आया फसतो. यादीत वशिला होता आणि आमची लेक पळतीत कच्ची होती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. एक धरली की दुसरी दिसेनाशी होते. ज्या मुलीच्या आईनं “सगळं राजकारण आहे” असं रोज जेवताना म्हटलं, ती मुलगी पळणं सुधारेल कशाला?

मग मी सरांना भेटले. एकटीच, तास संपल्यावर, शिक्षकांच्या खोलीत नव्हे तर मैदानावर. “माझ्या मुलीला घ्या” हे वाक्य तोंडून काढायचं नाही, असं घरून ठरवून गेले होते. एवढंच विचारलं, की निवड कशी करता? सरावाची हजेरी, पळतीची वेळ, किती गडी टिपले याची काही नोंद आहे का? सर थोडे चिडले, मग ओशाळले. नोंद नव्हती. “सगळं डोक्यात असतं बाई,” म्हणाले. मी म्हटलं, “सर, डोक्यात असतं म्हणूनच लोक वाटेल ते बोलतात. कागदावर असेल, तर समितीचा माणूस आला तरी तुम्हाला तो कागद पुढे करता येईल.” हा मुद्दा त्यांना पटलेला दिसला. त्यांच्यावरही दडपण येत असणारच.

त्यानंतर आम्ही पाच पालकांनी मुख्याध्यापकांना साधा अर्ज दिला. कुणाचं नाव नाही, कुणावर आरोप नाही. मागण्या तीनच: निवडचाचणीची तारीख आठ दिवस आधी फलकावर लावावी, हजेरी आणि वेळेची वही ठेवावी व ती पालकांना बघता यावी, आणि आठवड्यातले दोन दिवस तरी सराव शाळा सुटल्यावर व्हावा, म्हणजे पहाटे कामाला जाणाऱ्या मुलींनाही येता येईल. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली. पोच न घेता अर्ज देऊ नका, तो कुठल्या फायलीत जातो ते देवालाच माहीत!

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली, तर पायऱ्या सोडू नका. आधी मुलीनं स्वतः विचारायचं, मग तुम्ही शिक्षकांना, मग मुख्याध्यापकांना लेखी. त्यानंतर शालेय स्पर्धा भरवणारं जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय आहेच. पण ते स्पर्धेचे नियम बघणार. शाळेनं कुणाला संघात घ्यावं, हे ते सांगत बसणार नाही. आणि सामना चालू असताना रेषेबाहेरून “अगं, खांबाकडे पळ!” असं ओरडू नका. मी ओरडले आहे. लेकीनं आठवडाभर अबोला धरला होता.

एक गोष्ट मात्र वेगळी. एखाद्या मुलीला शिक्षकांचं वागणं, स्पर्श, एकटीला थांबवणं खटकत असेल, तर ते राजकारण नव्हे आणि तिथं पायऱ्या मोजत बसायचं नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा त्यासाठीच आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. २०२२ मध्ये शासनानं शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमायला सांगितली आहे. तुमच्या शाळेतल्या समितीत कोण आहे, हे आजच विचारून ठेवा. “ओरडा झाला तर हिचं नाव संघातून जाईल” असा विचार करून पुष्कळ आया गप्प बसतात. असलं नाव जाऊ दे.

दुसरं, जन्मतारखेचं. “एक वर्ष कमी दाखवू, अजून चौदात खेळेल,” असं कुणी सुचवलं तर हसण्यावारी नेऊ नका, साफ नाही म्हणा. सुचवणारा नामानिराळा राहतो, खोटा कागद आपल्या मुलीच्या नावावर लागतो.

एवढी ओढाताण होते कशासाठी? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनीही जिंकली. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघं महाराष्ट्रातले. आमच्या घरी तो सामना बघताना शेजारच्या तीन मुली सोफ्याच्या हातावर बसल्या होत्या. तेव्हापासून आमच्या गल्लीत प्रत्येकीला आपली मुलगी कर्णधार दिसू लागली आहे. त्यात दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा. पण नुसतं संघात नाव लागलं म्हणून हे मिळत नाही. कोणत्या पातळीवर खेळल्यावर काय मिळतं, ते शाळेतल्या परिपत्रकात असतं. भांडण्यापूर्वी ते एकदा वाचा. आमच्या बैठकीतल्या आठ सह्यांपैकी किती जणांनी ते वाचलं होतं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. समितीवाल्यांची पुतणी संघात राहिली. आमची यादीत आली नाही. संघ तालुक्याला दुसऱ्या सामन्यात हरला, तेव्हा गटावर सरांना नावं ठेवणारे संदेश पुन्हा सुरू झाले. मी गट बंद केला नाही, फक्त त्याचा आवाज बंद केला. वही मात्र सुरू झाली आहे. कधी लिहिली जाते, कधी नाही. मंगळवार-गुरुवारचा सराव पाचला असतो. पोळ्या करणाऱ्या त्या बाईंची मुलगी आता येते. पहिल्या दिवशी ती अनवाणीच आली होती, आणि अनवाणीच आमच्या थोरलीपेक्षा जास्त वेळ पळाली. त्या रात्री थोरली जेवताना फार कमी बोलली.

या दिवाळीत सरांच्या घरी डबा पाठवायचा की नाही, यावर आमच्या घरी अजून एकमत झालेलं नाही. हे म्हणतात, न पाठवणंही दिसून येईल. मी म्हणते, यंदा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसाठी एकच मोठा डबा नेऊन ठेवावा.

रविवारी दोघी मुली ह्यांचा मोबाइल घेऊन मैदानावर जातात. एकीनं पाठलाग करायचा, दुसरीनं पळायचं, धाकट्यानं वेळ मोजायची. काल आमची एक मिनिट दहा सेकंद टिकली. खांबाजवळ अजून पाय घसरतोच.