जयगडच्या खडकांवर गळ टाकतांना

शास्त्री नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या दक्षिण तीरावर जयगडचा किल्ला आहे. खाडीच्या पैलतीरीं गुहागर तालुक्यांतील तवसाळ. किल्ल्यापासून दीपगृहाकडे जो खडकाळ किनारा जातो, त्यावर सुटीच्या दिवशीं गळ घेऊन बसलेलीं माणसें दिसतात. त्यांत गांवचे लोक असतात, आणि गणपतीपुळ्यास दर्शनाला येऊन सहज इकडे वळलेले मुंबई-पुण्याकडील गृहस्थही असतात. गांवच्या माणसाच्या हा किनारा पायाखालचा. पाहुण्यास तो केवळ रम्य वाटतो, आणि भय आहे तें येथेंच.

खडकावर बसणारानें प्रथम विचार करावयाचा तो माशाचा नव्हे, पाण्याचा. भरतीची वेळ काढण्याचें कोंकणांत एक जुनें व सोपें गणित आहे. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची सुमाराची वेळ निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलें. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांस हेंच गणित चालतें. अमावास्येसही पंधराच धरावे. पूर्ण भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. गणित अर्थात् ढोबळ आहे, व भरतीचें छापील कोष्टक हातीं असल्यास तेंच पाहावें. परंतु ज्यास कोष्टकही ठाऊक नाहीं आणि तिथीही ठाऊक नाहीं, त्यानें खडकाच्या टोंकावर जाऊं नये हें बरें.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत पाणी जसें फार खालीं उतरतें तसेंच फार वर चढतें. ओहोटीच्या वेळीं कोरड्या पायांनीं ओलांडलेली घळ तीन तासांत कमरेइतक्या पाण्यानें भरूं शकते. बाहेरच्या खडकावर समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसास याचा पत्ताही नसतो, कारण त्याची परतीची वाट त्याच्या पाठीमागें बुडत असते. म्हणून दर थोड्या वेळानें मागें वळून पाहण्याची संवय ठेवावी.

लाटांचें वेगळेंच आहे. त्या सारख्या येत नाहींत. पुष्कळशा लहान लाटांनंतर दोनतीन मोठ्या एकामागून एक येतात. बसण्यापूर्वीं दहापंधरा मिनिटें नुसतें पाहावें, आणि सर्वांत मोठ्या लाटेचें पाणी जेथवर पोंचलें त्याच्याही वर जागा धरावी. खडक ओला असेल तर लाट तेथें येऊन गेली आहे. त्यावर हिरवें शेवाळ असेल तर ती रोज येते. २००९ पासून जयगडास मोठें बंदर झालें आहे, तेव्हां जहाजामागें उठलेली लाट वारा नसतांनाही किनाऱ्याशीं येऊं शकते. पावसाळ्यांत इकडे फिरकूंच नये. आणि नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र वर्षभरासाठीं शांत झाला असेंही नव्हे. फयान वादळ या किनाऱ्यास झोडपून गेलें तें २००९ च्या नोव्हेंबरांत.

फिनलंड, कॅनडा यांसारख्या थंड देशांत हिवाळ्यांत गोठलेल्या सरोवरावर जाऊन, बर्फाला भोंक पाडून त्यांतून गळ सोडतात. स्वच्छ, घट्ट बर्फ निदान चार इंच जाड असल्याशिवाय तेथील जाणते लोक त्यावर पाऊल ठेवीत नाहींत. परंतु त्यांचा दुसरा एक रिवाज अधिक लक्षांत घेण्याजोगा आहे. परततांना मोठ्या भोंकापाशीं ते झाडाची फांदी रोवून ठेवतात. रात्रीं भोंकावर बर्फाची पातळ साय धरते, वर हिम पडतें, आणि उद्यां येणारास तें दिसत नाहीं.

जयगडास भोंक नाहीं, पण मागें राहणारें कांहीं आहे. खडकाच्या फटींत अडकलेला गळ ओढतांना तंगूस तुटतो, आणि गळ तेथेंच राहतो. ओहोटीला याच खडकांवर बायका कालवें काढावयास येतात. कोणी अनवाणी, कोणी साध्या चपला घालून. गळाला उलटा कांटा असतो. पायांत शिरलेला गळ सहज मागें निघत नाहीं. त्या बाईचे कित्येक दिवस बुडतात, आणि ज्याच्यामुळें बुडाले तो तेव्हां मुंबईस पोंचलेला असतो. तंगूस कुजतही नाहीं. तेव्हां पाणी उतरल्यावर शोधून जेवढें सांपडेल तेवढें गोळा करून घरीं न्यावें. गळाला लागलेला केंड मासाही खडकावर फेंकून जाऊं नये. तो विषारी असून शिजवल्यानेंही त्याचें विष जात नाहीं, व अजाण माणूस वा कुत्रें तो उचलतें.

आधीं बसलेल्या माणसास विचारल्याशिवाय त्याच्या शेजारीं बसूं नये. "येथें बसलों तर चालेल ना?" एवढें विचारलें कीं तो बहुधा जागा देतो, शिवाय कोणता दगड हलतो तेंही सांगतो. शिशाचें वजन लावलेला गळ फिरवण्यापूर्वीं मागें पाहावें. मुलें नेमकीं तेथेंच उभीं असतात. शेजाऱ्यास मोठा मासा लागला तर आपला दोर गुंडाळून घ्यावा. जेटीवरून फेरीबोटीच्या वाटेंत गळ टाकूं नये, नांगरलेल्या होडीवर चढूं नये, आणि पसरलेल्या जाळ्याजवळ तर जाऊंच नये. आपला तो विरंगुळा, जाळेंवाल्याचें तें पोट.

शिंगाळ्याच्या पाठीवर एक व बाजूंस दोन विषारी कांटे असतात. पाकटाचा कांटा शेंपटीवर. तो लागल्यास भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यांत बराच वेळ बुडवून ठेवावा, म्हणजे वेदना शमते; मग डॉक्टरांकडे जावें.

कोणी पाण्यांत पडलाच तर त्याच्यामागें उडी घेऊं नये. बुडणारा वांचविणारासही खालीं ओढतो. त्याला ओरडून सांगावें कीं खडकाला धरावयास धडपडूं नको, लाट आपटते तेथून दूर हो. ओहोटीचा ओघ ओढीत असेल तर त्याच्याशीं झुंजूं नको, आडवा पोहत बाहेर नीघ. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ व आपत्कालीन मदतीचा ११२ आहे. एकानें तो लावावा व दुसऱ्यानें दोरी टाकावी. ती दहा वाव तरी असावी, आणि टोंकास बूच घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा डबा बांधलेला असावा. डबा तरंगतो आणि दिसतोही. दोरीचें दुसरें टोंक खडकास अडकवावें. स्वतःच्या कमरेस मात्र बांधूं नये.