फुकट दवाखाना आणि मजूर पक्षातले भांडण

सरकारी दवाखान्यात पैसे घ्यावेत की नाही, आणि कारभार सुधारायचा तर तो कोणाच्या हाती द्यावा, हे प्रश्न आपल्या पारावर नेहमी निघतात. ब्रिटनमध्ये याच प्रश्नांवरून मजूर पक्षात सत्तरहून अधिक वर्षे वाद होत आले आहेत. कामगार संघटनांतून उभा राहिलेला, गरिबांची बाजू घेणारा हा पक्ष. तरीही त्यात दोन तट का पडतात, हे शेतकरी बंधू-भगिनींनी समजून घेण्यासारखे आहे.

खाणकामगारांची वर्गणी

वेल्समधील ट्रेडीगर गावी खाणकामगार पगारातून थोडी थोडी वर्गणी काढत. त्यातून डॉक्टर नेमत आणि घरच्या माणसांचेही औषधपाणी होई. आपल्या सहकारी सोसायटीसारखाच हा प्रकार. याच गावचे अ‍ॅन्युरिन बेव्हन लहानपणीच कोळशाच्या खाणीत उतरले. १९४५ साली मजूर पक्षाचे सरकार आले, अ‍ॅटली पंतप्रधान झाले आणि बेव्हन आरोग्यमंत्री. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. खर्च मुख्यतः करांतून होऊ लागला आणि उपचाराआधी रोग्याला पैसे विचारणे थांबले. पुढे ही सेवा चालवायला भारतातून गेलेल्या डॉक्टरांचाही मोठा हातभार लागला.

चष्मा आणि कवळी

सेवा सुरू होताच लोकांची रीघ लागली. खर्च अंदाजाबाहेर गेला. त्यातच कोरियाचे युद्ध आले आणि शस्त्रांसाठी पैसा हवा झाला. १९५१ साली अर्थमंत्री गेट्स्केल यांनी चष्मा व दातांची कवळी यांचा निम्मा खर्च रोग्यावर टाकला. एकदा दार किलकिले केले की ते उघडतच जाणार, असे म्हणणाऱ्यांचे पुढारी बेव्हन होते. त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यांच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले.

पुढची गोष्ट बोलकी आहे. औषधाच्या चिठ्ठीवर १९५२ साली हुजूर पक्षाच्या सरकारने आकार बसवला. विल्सन पंतप्रधान झाल्यावर १९६५ साली तो रद्द झाला. पण तिजोरीची ओढाताण झाली आणि १९६८ साली त्यांच्याच सरकारला तो पुन्हा लावावा लागला. मात्र मुले व म्हातारी माणसे त्यातून वगळली. तत्त्व खरे असले तरी पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न सुटत नाही.

कारभार कोणाचा?

१९९७ साली टोनी ब्लेअर यांचे सरकार आले, तेव्हा शस्त्रक्रियेसाठी कित्येकांना वर्षाहून अधिक थांबावे लागे. सरकारने २००३ पासून राष्ट्रीय विम्याची वर्गणी वाढवून पैसा ओतला. शिवाय काही शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने खाजगी इस्पितळांकडून करून घेतल्या आणि चांगल्या सरकारी इस्पितळांना स्वतंत्र कारभार दिला. सुधारणावाले म्हणत, रोग्याला लवकर बरे वाटले म्हणजे झाले, इस्पितळ कोणाचे ते पाहू नका. विरोधक म्हणत, यातून पुढे जाणारी इस्पितळे आणखी पुढे जातील आणि मागची मागेच राहतील. माजी आरोग्यमंत्री फ्रँक डॉब्सनही विरोधकांत होते. नोव्हेंबर २००३ मध्ये हा कायदा अवघ्या १७ मतांच्या आधिक्याने तरला.

निकाल संमिश्र लागला. रोग्यांचे थांबणे खरोखर कमी झाले. पण खाजगी भांडवलाने बांधलेल्या इस्पितळांचे हप्ते पंचवीस-तीस वर्षांसाठी मानेवर बसले. कर्जाने विहीर खोदणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला, तेव्हा एकट्या इंग्लंडात उपचारांची प्रतीक्षा यादी सत्तर लाखांच्या वर होती. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी तेथील सेवेवर देखरेख करणारे स्वतंत्र मंडळ मोडून कारभार खात्याकडे घेण्याचे जाहीर केले. पुन्हा तोच प्रश्न: सूत्रे कोणाच्या हाती?

टेलला पाणी पोचले का?

विस्तार कार्यात आम्ही पाटाचे पाणी मुखाशी मोजत नाही, टेलच्या शेतात मोजतो. दवाखाना, शाळा, रेशन यांच्या सुधारणेलाही हेच माप लावावे. नुसते ‘सरकारी’ म्हणून चांगले नव्हे आणि ‘सुधारणा’ म्हटले म्हणून सुधारणा होत नाही. योजना आली की ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा: पैसा कोण भरणार, चुकले तर जाब कोणाला विचारायचा, आणि शेवटच्या घरातल्या म्हातारीला औषध वेळेवर मिळणार का?