कर्बवायूचा भार व भरपाई : वांटा कसा ठरावा?

पन्हाळा तालुक्याचे दोन भाग आमच्या शेतकरी बंधूंस विदित आहेतच. पश्चिमेस बाजारभोगांवकडे डोंगर, भात, रान व मुबलक पाऊस. पूर्वेस पोर्ले-कोडोलीकडे उंसाचे मळे. शेतींतून निघणारे वायु हवा तापवितात, त्यांचा भार कोणत्या प्रांतानें सोसावा व भरपाई कोणास मिळावी, हा वाद सांप्रत जगभर चालू आहे. २०२२ मध्यें शर्म-अल्-शेख येथील परिषदेंत हानिपूर्तीचा निधि उभारण्याचें ठरलें. प्रश्न दूरचा दिसला तरी तो आपल्या बांधापर्यंत आलेला आहे.

प्रथम हिशेब पाहूं. आडसाली उंसास हेक्टरीं ४०० किलो नत्राची शिफारस आहे. आंतरराष्ट्रीय गणनापद्धतीप्रमाणें त्यांतील सुमारें शेंकडा १ नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतें. म्हणजे तो वायु सुमारें ६.३ किलो भरतो. शंभर वर्षांच्या मानानें तो कर्बवायूच्या २७३ पट उष्णता धरतो. अर्थात् हेक्टरामागें सुमारें १.७ टन कर्बवायूइतका भार झाला. पाचट जाळल्यास त्यांत भर पडते. भाताच्या साठल्या पाण्यांतून मिथेन निघतो तो निराळाच.

हा भार सध्यां जेथें वायु निघाला तेथील खातीं लिहितात. साखर खावी शहरानें व भार राहावा मळेवाल्याच्या माथीं! वांट्यानें जमीन देतांना आपण पीक वांटतों, तसाच बी-खताचा खर्चहि वांटतों. पीक एकानें न्यावें व खर्च दुसऱ्यानें सोसावा, हें गांवांत कोणी मान्य करील काय? तथापि सर्व भार शहरावर ढकलणेंहि न्याय्य नव्हे. पाचटास लावण्याची काडी आपल्याच हातीं असते.

भरपाईची गोष्ट याहून नाजूक आहे. महसूल खात्यांत आम्ही अनेक वर्षें लेखणी झिजविली. २०१९ च्या महापुरानंतर एका गांवीं आम्ही पाहिलें कीं, मदत सात-बाऱ्यावरील नांवास मिळाली आणि ज्याचा घाम त्या पिकांत गेला तो वांटेकरी रिकाम्या हातानें परतला. जानेवारी २०२४ मध्यें भारत सरकारनें शेतीच्या ऐच्छिक कर्बबाजाराची रूपरेषा प्रसिद्ध केली आहे. त्या बाजारांत तीच चूक पुन्हां घडूं नये. शिवाय असे बाजार बहुधा नव्या बचतीसच मोल देतात. मग मळेवाला पाचट जाळणें सोडून पैसे मिळवील, आणि पिढ्यान्‌पिढ्या झाडें राखणारा पश्चिमेकडील शेतकरी मात्र कोरडा राहील.

सबब आमची सूचना अशी : भार पिकविणारा व खाणारा यांनीं वांटून घ्यावा, भरपाईंत वांटेकऱ्याचें नांव लिहिलें जावें, आणि राखलेल्या रानासहि कांहीं हिस्सा असावा. मुदत किती, मोजणी कोणाची व दलाली किती, हें वाचून घेतल्यावांचून शेतकरी बंधूंनीं कोणत्याहि करारपत्रावर सही करूं नये. एकदां कागदावर चढलेलें नांव उतरविणें किती कठीण असतें, हें आम्ही जन्मभर पाहिलें आहे.