चकवा, पण प्रामाणिक

आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आलं. त्यात सरळ अर्थ वाचायचा आणि शब्द ओळखायचा. चकवणारं, गूढ कोडं रुजलं ते इंग्लंडात. १९२६पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड पॉविस मॅथर्स अशी कोडी रचू लागले. स्पेनच्या धर्मन्यायालयाचा क्रूर प्रमुख टॉर्केमाडा, त्याचं नाव त्यांनी घेतलं होतं. कोडीही तशीच घाम फोडणारी.

१९३९मध्ये त्यांच्या निधनानंतर ती जागा मॅकनट या ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या मास्तरांकडे आली. टोपणनाव 'झिमेनीस', तेही एका धर्मन्यायाधीशाचंच. माझ्या मते या छंदाचा खरा पाया त्यांनी घातला. दिशाभूल खुशाल करा, पण सूत्रात एकही शब्द फुकटचा नको, हा त्यांचा दंडक. १९६६मध्ये त्यांनी तो पुस्तकातून सविस्तर मांडला. सूत्राच्या एका टोकाला शब्दाचा अर्थ, उरलेल्या भागात शब्द घडवायची कृती, बस. मराठीत करून पाहू: 'उलटी वाहणारी नदी, गरीब बिचारी (२ अक्षरे)'. वाचताच डोळ्यांसमोर पाणी येतं आणि तिथेच आपण फसतो. 'नदी'ची अक्षरं उलटी लिहा: दीन. सगळं समोर उघड मांडलेलं होतं. उत्तर बरोबर आहे ना, हे मग कुणाला विचारावं लागत नाही. अवघड कोड्यापुढून माणूस उठत नाही, तो या खात्रीसाठी.

'गार्डियन'चे जॉन ग्रॅहम ऊर्फ 'अरॉकेरिया' या दंडकात मावले नाहीत. ते धर्मगुरू होते. घटस्फोटामुळे पद गेलं आणि कोड्यांवर पोट भरू लागलं. नियम ते सैल सोडत, सोडवणाऱ्याला मात्र कधी वाऱ्यावर सोडत नसत. जानेवारी २०१३मध्ये त्यांच्या कोड्यावर एक टीप होती: अरॉकेरियाला कोड्यातल्या अमुक क्रमांकाचं अमुक झालं आहे, त्यावर अमुक उपचार चालू आहेत. लोक नेहमीसारखे पेन घेऊन बसले. चौकोन भरत गेले तसे शब्द उमटले: कर्करोग, अन्ननलिका, आणि मग केवळ वेदना कमी करणारे उपचार. ९१ वर्षांच्या कोडेकाराची ही बातमी वाचकांनी स्वतःच्या हाताने लिहिली. झिमेनीसच्या कडक शिष्यालाही त्या टिपेत एक शब्द जास्तीचा सापडला नसता.

वाचकांची पत्रं येत राहिली आणि अरॉकेरियांची नवी कोडीही. २६ नोव्हेंबर २०१३ रोजी ते गेले.