धुमा

मृदंगाची उजवी पुडी शाई लावून कारागिराकडूनच तयार होऊन येते. डावी बाजू मात्र वाजवणाऱ्यालाच तयार करावी लागते, आणि तीही दर वेळी नव्याने. कणीक भिजवायची, पुडीच्या मधोमध पाण्याचा हात फिरवून ती थापायची, थाप मारून बघायचं, आवाज वर वाटला तर आणखी चिमूटभर लावायची, फारच खाली गेला तर तेवढीच काढायची. वाजवून झालं की सगळी खरवडून टाकायची. मे महिन्यात आमच्या मराठवाड्यात ही कणीक तासाभरात कडक होऊ लागते आणि आवाज हळूहळू वर चढतो. तेव्हा वाजवता वाजवता मध्येच थांबून ओला हात फिरवावा लागतो. हल्ली काही जण डाव्या बाजूलाही कायमची शाई लावून घेतात. सोय आहे खरी. पण आमचे महाराज त्या वाद्याला हात लावत नाहीत.

या डाव्या बाजूला धुमा म्हणतात. तबल्याला डग्गा तसा मृदंगाला धुमा. उजवी बाजू षड्जाला मिळवलेली असते आणि धुमा साधारण एक सप्तक खाली बोलतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ज्याला बेस म्हणतात ते काम आपल्या कीर्तनात हा गोळाभर कणकेचा तुकडा करतो. त्याचं शास्त्र सोपं आहे. पुडीवर वजन आलं की ती सावकाश कंप पावते आणि नाद खाली उतरतो. पुडीच्या मध्यभागी चढवलेल्या वजनामुळे आपल्या चर्मवाद्यांतून सुरेल उपस्वर निघतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये मांडलं. त्याआधी कित्येक पिढ्या गावोगावचे मृदंगवाले ते हाताने करत होतेच.

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा माझ्यापुढे दोन कामं होती. एक अर्धी राहिलेली कादंबरी आणि दुसरं हे वाद्य. कादंबरी अजून अर्धीच आहे. मृदंग शिकायला लागलो तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि महाराज पस्तिशीचे. ते मला 'साहेब' म्हणतात, मी त्यांना 'महाराज' म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, उजवा हात सहीनं तयार केलाय तुमचा. डावा नुसता कागद धरायला वापरलेला दिसतोय." हे अगदी खरं होतं.

आमच्या अंबाजोगाई तालुक्यात या वाद्याविषयी कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पखवाजासाठी 1986 साली पद्मश्री मिळालेले शंकरबापू आपेगावकर याच तालुक्यातल्या आपेगावचे. 2004 साली ते गेले. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी पखवाज पुढे नेला. बाहेरच्या माणसाला वारकऱ्यांचा मृदंग वेगळा आणि धृपदियांच्या साथीचा पखवाज वेगळा वाटतो. इथल्या माणसाला ते एकच वाद्य आहे हे कानाने माहीत असतं. फरक आहे तो उभं राहण्याचा. कीर्तनात मृदंग गळ्यात अडकवून टाळकऱ्यांच्या पावलांबरोबर उभ्याने वाजवायचा असतो, आणि एवढं खैराचं किंवा शिसवीचं ओझं गळ्यात घेऊन दोन तास काढले म्हणजे ताल आधी पाठीच्या कण्याला कळतो.

मी शिकत असताना माझ्याबरोबर एक मुलगा शिकायला यायचा. वय सतरा-अठरा. शेजारच्या गावचा. त्याची बोटं पाहून मला हेवा वाटायचा. 'तिरकिट', 'धुमकिट' असे बोल तो इतक्या सफाईने काढायचा की महाराजांनी थांबवेपर्यंत ऐकत राहावं. त्याने हे सगळं मोबाइलवर पाहून उचललं होतं. मोठमोठ्या वादकांची वादनं त्याला तोंडपाठ होती. पण कीर्तनात उभं केलं की चार-पाच अभंगांत टाळकरी अस्वस्थ व्हायचे. हात एवढा तयार, लय पक्की, तरी कीर्तन जमिनीवरून सुटल्यासारखं वाटायचं. महाराज म्हणाले, "याचा धुमा मुका आहे."

तो मुका का, याचा उलगडा मला पुण्यात झाला. माझा नातू तिथे कॉलेजच्या एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांचं ते वाद्य. मी त्याच्या खोलीत बसून मोबाइलवर एक गाणं ऐकत होतो. तो म्हणाला, "आजोबा, यात मी वाजवतो ते तुम्हाला ऐकूच येत नाहीये." मग त्याने तेच गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं, आणि खुर्चीच्या पायांतून काहीतरी वर आलं. बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे 41 कंपनं करते. नखाएवढ्या स्पीकरला तेवढी हवा हलवता येत नाही. आपला कान वरच्या उपस्वरांवरून अंदाज बांधतो आणि आपल्याला वाटतं की ऐकलं. मोबाइलवर मृदंग शिकणाऱ्या पोराला उजव्या हाताचं अक्षर अन् अक्षर मिळतं आणि डाव्याचा नुसता 'टप्' असा ओरखडा मिळतो. तो ओरखड्याचीच नक्कल करतो. पोराचा दोष कोणता त्यात?

नातवाने मला जेम्स जेमरसन या अमेरिकन बेसवादकाविषयी सांगितलं. मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांचा पाया या माणसाने घातला, उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडून. त्या तबकड्यांवर त्याचं नाव नसायचं. 1971 साली मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर ते पहिल्यांदा छापलं गेलं. ऐकून मला आमच्या हेडऑफिसातले काही लोक आठवले, पण तो विषय वेगळा.

अंबाजोगाईला परतल्यावर मी हे महाराजांना सांगितलं. कंपनांच्या हिशेबात त्यांना गोडी नव्हती. त्यांनी त्या मुलाला आणि मला समोर बसवलं आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायला लावला. म्हणाले, "आता चौताल वाजवा. फक्त डाव्यानं."

चौतालाच्या बारा मात्रांचा ठेका असा: धा धा दिं ता किट धा दिं ता तिट कत गदि गन. 'धा' म्हणजे उजव्याचा 'ता' आणि डाव्याचा 'ग' एकत्र. 'दिं' आमच्याकडे उजव्या पंजाचा. काही परंपरांत तो दोन्ही हातांनी वाजतो. उजवा हात काढून घेतला की बारा मात्रांत उरतं एवढंच: ग, ग, मग दोन मात्रा शांतता, मग क, ग, मग तीन मात्रा शांतता, मग क, ग, ग. 'ग' म्हणजे पंजा मारून लगेच उचललेला, गुंजू दिलेला आघात. 'क' म्हणजे पंजा पुडीवरच ठेवून दाबलेला, बंद.

आम्ही दोघं हे तासभर वाजवत होतो. विहिरीत दगड टाकत बसल्यासारखं. आणि मग मी पोथीकडे वळलो, कारण सवयच तशी. चौतालाच्या सहा खंडांत टाळी पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेला आणि खाली तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेच्या परीक्षेला मी शाळकरी मुलांच्या रांगेत बसलो होतो, आणि पर्यवेक्षकांनी मला पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं होतं! तर हे सगळं पाठ होतं, पण त्या दिवशी दिसलं की तिसरी-चौथी आणि सातवी-आठवी, म्हणजे खालीची दोन्ही घरं, तिथेच डावा हात गप्प आहे. खाली म्हणजे हवेत हात हलवण्याचा संकेत असं आजवर वाटत होतं. ती खाली प्रत्यक्ष आवाजात होती, धुम्याच्या गैरहजेरीत. टाळी देणारा माणूस नसला तरी ऐकणाऱ्याला आवर्तनात आपण कुठे आहोत ते डावा हात सांगत असतो.

नुसत्या रियाजाने हे मला कळलं नसतं, नुसत्या पुस्तकानेही नाही. रियाजाविषयी आपल्याकडे फार भाबडेपणाने बोललं जातं. चौदा तास, अठरा तास अशा कथा सांगितल्या जातात. चुकीचा डावा हात अठरा तास घोटला तर तो अठरा तास पक्का होतो. मी रोज पहाटे पाऊण तास बसतो, त्याहून जास्त सांधे बसू देत नाहीत, आणि त्यातला निम्मा वेळ लय इतकी संथ ठेवतो की दोन मात्रांच्या मध्ये घरातली मंडळी चहा झाला का विचारून जातात. संथ लयीत 'ग' किती वेळ गुंजतो ते ऐकू येतं. जलद लयीत नुसती धावपळ.

तिहाईचं गणित मला सोपं गेलं, हे कबूल करायला हरकत नाही. तेहतीस वर्षं व्याज काढलं आहे. एक तुकडा तीनदा म्हणायचा आणि शेवटचं अक्षर समेवर टाकायचं. समेपासून निघून पुढच्या समेवर यायचं तर चौतालात तीन तुकडे आणि मधल्या दोन थांब्यांची बेरीज तेरा व्हायला हवी. तीन मात्रांचा तुकडा आणि दोन मात्रांचा थांबा घेतला तर नऊ आणि चार. चार मात्रांचा तुकडा घेतला तर बारा, आणि थांबे अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे. कागदावर मी अशा पन्नास तिहाया मांडू शकतो. महाराज एक वाजवतात आणि टाळकऱ्यांचा आपोआप उद्गार निघतो.

धमाराची गंमत तर आणखी वेगळी. चौदा मात्रांचा हा ताल 'क'ने सुरू होतो: क धि ट धि ट, धा ऽ, ग ति ट, ति ट ता ऽ. बहुतेक तालांत समेवर 'धा' दणदणीत येतो, इथे समेवर डाव्या पंजाचा बंद आघात. सगळ्यांनी जिथे पाया शोधावा तिथे धुमा दाबून धरलेला, आणि तो मोकळा होतो पुढच्या मात्रेला. महाराज म्हणतात, "ज्याला 'क' समेवर ठेवता आला त्याचा डावा हात सुटला."

त्या मुलाचा हात सुटायला लागला होता. भाद्रपदात एका कीर्तनात त्याने वाजवलं तेव्हा टाळकऱ्यांनी मागे वळून पाहिलं नाही, म्हणजे सगळं ठीक होतं. त्यानंतर दिवाळी आली.

बीड जिल्ह्यात दिवाळी आली म्हणजे काय होतं हे या जिल्ह्याच्या वाचकांना सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. गावंच्या गावं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत. मागे उरतात म्हातारी माणसं आणि देवळं. हिवाळ्यातल्या सप्ताहांना टाळकरी पुरत नाहीत, मृदंगाला तर बाहेरगावचा माणूस पैसे देऊन आणावा लागतो. त्या मुलाच्या आईची कंबर गेल्या हंगामात धरली, म्हणून यंदा वडिलांच्या जोडीला कोयता घेऊन तो गेला. मृदंग नेता येत नाही. कोपीत माणसांनाच जागा नसते, आणि सहा महिने कोयता धरलेल्या हातांची बोटं परत कशी मिळतात याची महाराजांना काळजी आहे. माघातल्या त्याच्या गावच्या सप्ताहात त्याच्या जागी मी उभं राहायचं ठरलं आहे. माझा डावा हात तिथे किती पुरा पडेल ते टाळकरी सांगतील.

महाराजांनी त्याची शिकवणी मात्र बंद केली नाही. आठवड्यातून दोनदा रात्री फोन लावतात. आमच्यात मोबाइलवर धुमा पोचत नाही हे ठरलेलं होतं, म्हणून मी विचारलं, "आता त्याचा डावा हात कसा ऐकणार?" महाराज म्हणाले, "पढंत कशासाठी आहे?" बोल हातांनी वाजवण्याआधी तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी-खाली दाखवत, ही आपली जुनी रीत. 'ग' आणि 'क' ही अक्षरं आहेत. नाद पोचला नाही तरी अक्षर पोचतं. तो पोरगा दिवसभर ऊस तोडून रात्री कोपीबाहेर बसतो आणि ठेका म्हणतो. एखादा 'ग' त्याने ओठांतल्या ओठांत गिळला तर महाराज इथून ओरडतात.

परवा मी तिथेच होतो. धमार चालू होता. मागे कुत्री भुंकत होती, कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. महाराजांनी विचारलं, "'क' कुठं पडला?"

"समेवर, महाराज."

"आणि मोकळा कधी केला?"

त्याने उत्तर द्यायच्या आत कुणीतरी त्याला हाक मारली. ट्रॅक्टर आला होता, मोळ्या भरायच्या होत्या.