मेणातला आवाज

“हे भंगार कशाला गं?” सासूबाई विचारतात. मैत्रिणींनो, जुने फोनोग्राफ दुरुस्त करणं हा माझा छंद! १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ शोधला. पुढे त्यावर तबकडीऐवजी मेणाचं नळकांडं वाजे, तेही जेमतेम दोन ते चार मिनिटं. घट्ट झालेलं वंगण काढून चामडी पट्टा बदलला, की यंत्र फिरू लागतं. जपायचं ते नळकांडं! दोन बोटं आत घालूनच उचलायचं. पाणी, स्पिरिट लावायचं नाही. बुरशीने खाल्लेला आवाज परत येत नाही. दर वेळी वाजवताना ते झिजतंही. म्हणून वाजवाल तेव्हा मोबाईलवर टिपून ठेवा. या यंत्रावर घरच्या माणसांचाही आवाज भरता येई. तेव्हा माळा आवरताना असं काही सापडलं, तर भंगारवाल्याला हाक मारायची घाई नको. कुणाची तरी पणजी त्यात बोलत असेल!