सजगता (मानसशास्त्र)

सजगता म्हणजे वर्तमान क्षणी शरीरात, मनात आणि भोवताली जे घडत आहे, त्याकडे हेतुपूर्वक आणि बरे-वाईट असा निवाडा न करता लक्ष देणे. यासाठी मराठीत माइंडफुलनेस हा शब्दही वापरला जातो. मानसोपचारात सजगतेचा उपयोग मुख्यतः तणाव, चिंता व नैराश्य यांच्या संदर्भात केला जातो. नकारात्मक विचार मनातून हाकलून देणे हा सजगतेचा हेतू नाही. त्या विचारांकडे पाहण्याची दृष्टी बदलणे हा तिचा हेतू आहे.

उगम

सजगतेचे मूळ बौद्ध परंपरेतील 'सति' (संस्कृत: स्मृती) या संकल्पनेत आहे. मज्झिम निकायातील सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त व धम्म या चार विषयांच्या अनुपश्यनेचे, म्हणजे सतत निरीक्षणाचे, वर्णन आहे. चित्तात क्रोध असल्यास तो आहे एवढे जाणणे, हा त्याचाच एक भाग होय. महाराष्ट्रात हा अभ्यास विपश्यनेच्या रूपाने परिचित असून नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे त्याचे मोठे केंद्र आहे.

१९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकालीन वेदना व तणाव असलेल्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात ध्यान व सौम्य योगासने धार्मिक चौकटीबाहेर शिकवली जात.

नकारात्मक विचारांचे स्वरूप

विचार बळाने दाबल्यास तो अधिक वेगाने परत येतो. डॅनियल वेग्नर व सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले होते. त्यांना ते साधले नाही. नंतर तोच विचार करण्याची मुभा मिळाल्यावर त्यांच्या मनात तो आधी न दाबलेल्या व्यक्तींपेक्षा अधिक वेळा आला.

नैराश्यातून बऱ्या झालेल्या व्यक्तीसाठी ही बाब गंभीर ठरते. किरकोळ उदासीनेही 'मी निरुपयोगी आहे' यासारखे जुने विचार जागे होतात, त्यांचे चर्वितचर्वण सुरू होते आणि आजार उलटू शकतो. हे टाळण्यासाठी झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स व जॉन टीस्डेल यांनी सजगता आणि बोधात्मक उपचारपद्धती यांची सांगड घातली. या पद्धतीत विचार खरा की खोटा यावर वाद घातला जात नाही. विचार ही मनात उमटून जाणारी घटना आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे ओळखण्याचा सराव केला जातो. 'मी निरुपयोगी आहे' आणि 'मी निरुपयोगी आहे असा विचार आत्ता मनात आला आहे' या दोन विधानांतील अंतर हेच या पद्धतीचे सार होय.

सराव

प्राथमिक सरावात व्यक्ती स्थिर बसून श्वासाच्या नैसर्गिक गतीकडे लक्ष देते. काही क्षणांतच मन भरकटते. हे अपयश मानले जात नाही. मन कोठे गेले याची नोंद घेऊन, स्वतःला दोष न देता, लक्ष पुन्हा श्वासावर आणणे हाच सराव आहे.

अभ्यासक्रमाच्या आरंभी एक मनुका अत्यंत सावकाश खाण्यास दिला जातो. त्याचा रंग, सुरकुत्या, गंध व चव यांचा क्रमाने अनुभव घेताना, एरवी नकळत उरकल्या जाणाऱ्या कृतीत किती अनुभव दडलेला असतो हे लक्षात येते. चालणे, आंघोळ करणे, भांडी घासणे या नित्याच्या कामांतही असेच लक्ष देता येते. मॅथ्यू किलिंग्सवर्थ व डॅनियल गिल्बर्ट यांच्या २०१० सालच्या अभ्यासात २,२५० प्रौढांचे मन सुमारे ४७ टक्के वेळा हातातील कामापासून दूर असल्याचे आणि अशा वेळी ते कमी आनंदी असल्याचे आढळले.

परिणामकारकता व मर्यादा

टीस्डेल व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १४५ व्यक्ती सहभागी होत्या. नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्या व्यक्तींमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण या पद्धतीने लक्षणीयरीत्या घटले. दोनच झटके आलेल्यांमध्ये तसा लाभ दिसला नाही. २०१५ साली ब्रिटनमध्ये ४२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ही पद्धत नैराश्यावरील औषधे चालू ठेवण्यापेक्षा सरस ठरली नाही. दोन्ही गटांचे परिणाम जवळपास सारखे होते. ब्रिटनमधील शाळांत आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्गात सरसकट दिलेल्या सजगता-प्रशिक्षणाचा मानसिक स्वास्थ्यावर अपेक्षित लाभ आढळला नाही.

काही व्यक्तींना, विशेषतः पूर्वी मानसिक आघात झालेल्यांना, ध्यानाच्या वेळी अस्वस्थता वाढल्याचा किंवा क्लेशदायक आठवणी उफाळल्याचा अनुभव येतो. अशांनी प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली सराव करणे इष्ट मानले जाते. तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असल्यास सजगता हा वैद्यकीय उपचाराला पर्याय ठरत नाही. तसेच अन्याय, आर्थिक ओढाताण यांसारखी दुःखाची बाह्य कारणे सजगतेने दूर होत नाहीत. त्यांना सामोरे जाताना मनाची होणारी ओढाताण मात्र तिच्यामुळे कमी होऊ शकते.